कोऑपरेशन की कोलॅबरेशन: अहवालात कोणाचं नाव कुठे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या संस्थेने तालुक्यातल्या काही शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी केली. ग्रामपंचायतींनी सभागृह आणि पाण्याची सोय केली, वैद्यकीय महाविद्यालयाचा पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा, विभाग पहिल्यापासून सोबत होता, आणि पैसे एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून आले. आता इंग्रजी अहवाल कंपनीला द्यायचाय. तुम्ही तिघांच्याही नावाआधी ‘इन कोलॅबरेशन विथ’ लिहिलंत. तुमच्या सरांनी तिन्ही ठिकाणी ते खोडून ‘इन कोऑपरेशन विथ’ केलं आणि कारण एवढंच दिलं, की ‘कोलॅबरेशन जरा जास्तच होतंय’. शब्दकोशात पाहावं तर दोन्हींपुढे ‘सहकार्य’. मग फरक आहे का, आणि असला तर बरोबर कोण?

फरक आहे. एका जागी तुम्ही बरोबर आहात, एका जागी सर बरोबर आहेत, आणि तिसऱ्या जागी दोघांचाही शब्द चुकलाय.

मी संस्थांचे अहवाल, प्रस्ताव आणि करार यांचं भाषांतर आणि संपादन करते. या दोन शब्दांवरून होणारी ओढाताण मला नवीन नाही, आणि ती बहुतेक वेळा एकाच गैरसमजातून होते. कोलॅबरेशन म्हणजे मोठं, मानाचं. कोऑपरेशन म्हणजे त्याच्या खालची पायरी, असं लोक धरून चालतात. मग ज्याला खूश करायचं त्याला वरचा शब्द आणि बाकीच्यांना खालचा. खरा प्रश्न मानाचा नाहीच. अहवालात तुम्ही एका तिसऱ्या माणसाला, इथे पैसे देणाऱ्याला, सांगत असता की हे काम कोणाचं, आणि त्यातल्या आकड्यांबद्दल उद्या कोणाला विचारायचं. शब्द त्यासाठी निवडायचा.

गंमत म्हणजे मराठीत आपण हा भेद डोळ्यांत तेल घालून पाळतो. कुठल्याही कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका पाहा. ‘अमुक मंडळ आणि तमुक वाचनालय यांच्या संयुक्त विद्यमाने’ ही ओळ वेगळी, ‘यांच्या सहकार्याने’ वेगळी, आणि खाली कोपऱ्यात ‘सौजन्य’ म्हणून छापलेलं सराफांचं नाव वेगळं. आपलं नाव कुठल्या ओळीत छापलं गेलं यावरून मंडळांमध्ये अबोला धरला जातो, म्हणजे फरक सगळ्यांना नीट कळतो. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र तिन्ही ओळींचं एकच ‘कोलॅबरेशन’ करून टाकतो. ‘संयुक्त विद्यमाने’ म्हणजे बहुतांशी ‘इन कोलॅबरेशन विथ’, ‘सहकार्याने’ म्हणजे ‘विथ द कोऑपरेशन ऑफ’, आणि ‘सौजन्याने’ या दोन्हींत बसत नाही. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं जरा खोलात जाऊन पाहू, कारण कडेच्या उदाहरणांत हा हिशेब हलतो.

व्युत्पत्तीतून काही हाती लागत नाही, हे आधीच सांगते. दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले, आणि दोन्हींचा मूळ अर्थ सोबत काम करणं असाच. फरक घडला तो वापरातून.

कोऑपरेशनचा पट फार रुंद आहे. रस्ता खणून ठेवलेला असतो तिथे ‘सहकार्य करा’ असा बोर्ड असतो. तिथे तुमच्याकडून अपेक्षा एवढीच, की वळसा घाला आणि भांडू नका. रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात, ‘कॉन्शस, कोऑपरेटिव्ह, ओरिएंटेड’. पेशंट शुद्धीवर आहे, त्याला स्थळकाळाचं भान आहे आणि तो तपासू देतोय. पेशंटने उपचारांची योजना आखलेली नाही. हात पुढे कर म्हटलं, त्याने केला. त्या जागी ‘कोलॅबरेटिव्ह’ लिहिलं तर वाचणारा हसेल. जामिनाच्या आदेशात आरोपीने तपासात सहकार्य करावं अशी अट असते. तिथेही शब्द ‘कोऑपरेट’च. तपास पोलिसांचा आहे, आरोपीचा नाही.

या सगळ्यांत समान काय? काम एकाचं आहे. उद्देश, आराखडा, निर्णय त्याचे. दुसरा त्याला हात देतो, निदान आडवा येत नाही. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं समजा: शेजारपाजारचे आपापले बैल घेऊन येतात, दिवसभर एकाचं रान नांगरून देतात, संध्याकाळी त्याच्याकडे जेवतात. कष्ट सगळ्यांचे खरे असतात, पण रान त्याचं आणि पीकही त्याचं. काय पेरायचं हे पाहुणे बैलवाले ठरवत नाहीत.

कोऑपरेशनसाठी बोलणंसुद्धा आवश्यक नसतं. गेम थिअरीत ‘कैद्यांचा पेच’ नावाचं प्रसिद्ध कोडं आहे. दोन साथीदार वेगवेगळ्या कोठड्यांत. गप्प राहायचं की दुसऱ्याचं नाव सांगायचं हे प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं. गप्प राहण्याच्या पर्यायाला तिथे ‘कोऑपरेट’ म्हणतात. म्हणजे एक अक्षर न बोलता, एकमेकांचं तोंड न पाहता कोऑपरेशन होऊ शकतं. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास याच कोड्यावर संगणकांच्या स्पर्धा घेतल्या. त्यात जिंकला तो ‘जशास तसे’ हा अगदी साधा नियम: पहिल्यांदा सहकार्य करा, नंतर समोरचा करेल तसं करा. संगणकाचे प्रोग्रॅम एकमेकांशी ‘कोऑपरेट’ करत होते असं सर्रास लिहिलं गेलं; ते ‘कोलॅबरेट’ करत होते असं म्हणता येणार नाही, कारण त्यांनी मिळून काही घडवलं नाही. जीवशास्त्रज्ञही मुंग्या-मधमाश्यांबद्दल लिहिताना कोऑपरेशनच म्हणतात.

आता कोलॅबरेशन. इथे मी नेहमी लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या प्रकल्पाचं, उदाहरण देते, कारण तिथे हा शब्द नावातच आहे आणि त्याचा आपल्या मातीशी संबंधही आहे. ‘लायगो सायंटिफिक कोलॅबरेशन’ ही जगभरच्या शास्त्रज्ञांची संघटना १९९७ मध्ये उभी राहिली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले शास्त्रज्ञ तिच्यात आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर हजाराहून अधिक लेखकांची नावं आहेत, आडनावांच्या वर्णानुक्रमाने. जगभर तो ‘ॲबट आणि इतर’ म्हणून ओळखला जातो, यात ॲबटचा मोठेपणा एवढाच की त्याचं आडनाव ‘ए’वरून सुरू होतं. या यादीत कोणी आरशांवर काम केलेलं, कोणी संकेत शोधायच्या गणितावर, कोणी आज्ञावलीवर. पण निष्कर्ष एक, आणि तो चूक ठरला असता तर नामुष्की त्या सगळ्या हजारांची. कोलॅबरेशनचा गाभा हाच: जे निघालं ते कोणा एकाचं नाही, ठरवण्यात सगळ्यांचा वाटा आहे आणि जबाबदारीतही.

आता हिंगोली जिल्ह्याकडे या. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. अशा वेधशाळेच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांब असतात. तेवढी सलग, शांत जमीन मिळाल्याशिवाय पान हलत नाही. ती मिळवून देणाऱ्या प्रशासनाच्या कामाला इंग्रजीत काय म्हणाल? ‘कोऑपरेशन ऑफ द डिस्ट्रिक्ट ॲडमिनिस्ट्रेशन’. आणि आज्ञावलीची शंभर ओळींची तपासणी करून देणारा एखादा पीएचडीचा विद्यार्थी? तो ‘कोलॅबरेशन’चा सदस्य. योगदान कोणाचं मोठं हे मोजायला गेलात तर जमिनीचं पारडं जड भरेल. म्हणून म्हणते, हे शब्द महत्त्वाची चढण नाहीत. ज्याच्यावाचून काम झालंच नसतं तोही ‘कोऑपरेट’ करणारा असू शकतो, आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. हे सरांना सांगाल तेव्हा पहिल्यांदा सांगा.

मसुदा हातात आला की मी संस्थेला विचारते: काय करायचं आणि कसं करायचं हे कोणी ठरवलं? मधेच आराखडा बदलायचा झाला असता तर कोणाकोणाची संमती लागली असती? आणि निघालेल्या आकड्यांवर कोणी शंका घेतली तर उत्तर द्यायला कोण उभं राहील? तिन्हींना ‘आम्ही आणि ते’ असं उत्तर आलं, की कोलॅबरेशन. तिन्हींना ‘आम्ही’ असं आलं आणि समोरच्याने फक्त मदत केलेली असली, की कोऑपरेशन. उत्तरं मिश्र आली तर मी दोन्ही शब्द बाजूला ठेवून सरळ काय केलं तेच लिहायला सांगते.

तुमच्या प्रकरणाला हे लावून पाहू.

पीएसएम विभागाबद्दल तुम्ही लिहिलंय, की प्रश्नावली दोघांनी मिळून बनवली, महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी त्यांच्या नावावर आहे, रक्ताचे नमुने इंटर्न्सनी घेतले, आणि पालकांची संमतीपत्रं तुमच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन घेऊन आल्या. सुरुवातीला तुम्ही सहली पद्धतीने, म्हणजे रक्ताचा रंग डोळ्यांनी जुळवून, तपासणार होतात. विभागाने डिजिटल मीटरचा आग्रह धरला आणि तुम्ही अंदाजपत्रक बदललंत. ही एक गोष्ट माझ्यासाठी पुरेशी आहे. ज्याच्या सांगण्यावरून तुम्ही पद्धत बदलली, खर्च बदलला, तो मदतनीस नव्हता. शिवाय किती मुलींचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली निघालं हा आकडा छापल्यावर ‘कशाने मोजलं?’ असं कोणी विचारलं, तर उत्तर विभागच देणार. इथे ‘इन कोलॅबरेशन विथ’ बरोबर, आणि सरांनी ते खोडायला नको होतं.

ग्रामपंचायतींनी सभागृह उघडून दिलं, टँकर मागवला, दवंडी दिली, सरपंच पहिल्या दिवशी येऊन बसले. हे सगळं झालं नसतं तर मुली आल्याच नसत्या. पण काय तपासायचं, कोणाला तपासायचं हे त्यांनी ठरवलेलं नाही, आणि आकड्यांचं उत्तरदायित्व त्यांच्यावर नाही. ‘विथ द कोऑपरेशन ऑफ द ग्रामपंचायत्स’. इथे सर बरोबर.

एक पुस्ती जोडते. एखाद्या ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून पुढच्या वर्षी हीच तपासणी करायचा ठराव घेतला असता आणि कुठल्या वाड्या-वस्त्या आधी घ्यायच्या हे ग्रामसभेत ठरवलं असतं, तर त्याच ग्रामपंचायतीला कोलॅबरेशन शोभलं असतं. शब्द संस्थेला चिकटत नाही; त्या कामातल्या तिच्या वाट्याला चिकटतो.

राहिली कंपनी. तिने पैसे दिले आणि तिमाही अहवाल मागितला. हे कोलॅबरेशन नाही, कोऑपरेशनही नाही. ‘विथ फायनान्शियल सपोर्ट फ्रॉम’ असं साधं लिहा. यात त्यांना वाईट वाटेल ही भीती मनातून काढा. सीएसआर खात्यातले लोक हे शब्द कायद्याच्या चष्म्यातून वाचतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या सीएसआर नियमांत ‘कोलॅबरेट’ हा शब्द एका कंपनीने दुसऱ्या कंपन्यांबरोबर मिळून प्रकल्प करण्याबद्दल आला आहे, आणि तिथेही प्रत्येकीला आपला हिशेब स्वतंत्रपणे दाखवता आला पाहिजे अशी अट आहे. तुमच्यासारख्या संस्थेला त्यांच्या कागदावर ‘इम्प्लिमेंटिंग एजन्सी’, म्हणजे काम प्रत्यक्ष राबवणारी संस्था, म्हणतात. अहवालात तुम्ही कोलॅबरेशन लिहिलंत आणि त्यांच्या संचालक मंडळासमोर गेलेल्या कागदात इम्प्लिमेंटिंग एजन्सी असली, तर ऑडिटच्या वेळी कोणीतरी फोन करून विचारणार. शब्द त्यांच्या कागदाशी जुळवून घ्या.

इथवरचा हिशेब सोपा: काम एकाचं आणि हात दुसऱ्याचा तर कोऑपरेशन, कामच दोघांचं तर कोलॅबरेशन, नुसते पैसे तर सपोर्ट. पण हा नियम सगळीकडे चालतो असं समजू नका. क्षेत्र बदललं की रिवाज बदलतो.

मुत्सद्देगिरीच्या भाषेत काम कितीही एकत्र असो, शब्द बहुधा कोऑपरेशनच असतो. १९७५ च्या जुलैमध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ ही यानं अंतराळात एकमेकांना जोडली गेली. जोडणीची यंत्रणा दोन्हीकडच्या अभियंत्यांनी मिळून ठरवली होती. माझ्या कसोटीला हे शंभर टक्के कोलॅबरेशन. पण निक्सन आणि कोसिगिन यांनी मे १९७२ मध्ये मॉस्कोत ज्या करारावर सह्या केल्या, त्याच्या नावात ‘कोऑपरेशन’ आहे. दक्षिण आशियाई देशांची सार्क म्हणजेही ‘रीजनल कोऑपरेशन’, शांघायची संघटनाही ‘कोऑपरेशन’चीच. सार्वभौम देश आपलं काम आपलंच ठेवून दुसऱ्याला हात देतात, असं दाखवणं सगळ्यांच्या सोयीचं असतं.

यामागे दुसऱ्या महायुद्धातला डाग आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं. डाग खरा आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रान्सच्या मार्शल पेतँने हिटलरची भेट घेतली आणि काही दिवसांनी रेडिओवरून देशाला सांगितलं, की आपण ‘कोलाबोरासिओं’च्या मार्गावर पाऊल टाकतो आहोत. तेव्हापासून जर्मनांना सामील झालेल्यांसाठी ‘कोलॅबरेटर’ हा शब्द रूढ झाला, आणि युरोपात आजही तो काही कानांना फितूर असाच ऐकू येतो. पण राजनैतिक रिवाजाचं कारण हेच, असं मला पटत नाही. १९१९ च्या राष्ट्रसंघाच्या सनदेत पहिल्याच वाक्यात आंतरराष्ट्रीय ‘कोऑपरेशन’ आहे. तेव्हा पेतँ हा फ्रान्सचा वीरपुरुष होता. उलट, युद्ध संपल्या-संपल्या नोव्हेंबर १९४५ मध्ये युनेस्कोची घटना मंजूर झाली, तिच्या पहिल्या कलमात शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती यांच्या द्वारे राष्ट्रांमध्ये ‘कोलॅबरेशन’ वाढवण्याची भाषा आहे. जखम अगदी ताजी असताना. तेव्हा क्रियापद आणि भाववाचक नाम बिनधास्त वापरा. फक्त माणसाला ‘कोलॅबरेटर’ म्हणताना वाचणारा कोण हे पाहा. संशोधनाच्या जगात तो रोजचा शब्द आहे. युरोपातल्या जुन्या पिढीसाठी लिहायचं असेल तर ‘पार्टनर’ किंवा ‘को-ऑथर’ बरा.

आपल्या राजकीय इतिहासात मात्र कोऑपरेशनची धार वेगळीच आहे. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला: ‘नॉन-कोऑपरेशन’. त्याच्या वर्षभर आधी, अमृतसरच्या अधिवेशनात, टिळकांनी मांडली होती ती प्रतियोगी सहकारिता: सरकार जितकं देईल, वागेल, तितक्या प्रमाणात आपण सहकार्य करू. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे. राज्ययंत्र परक्याचं आहे, पण ते चालतं आपल्या हातांनी. हात काढून घेतले की ते अडतं. म्हणूनच ‘असहकार’ हे हत्यार होऊ शकलं. ‘नॉन-कोलॅबरेशन’ असं कोणी का म्हटलं नसतं? कारण कोलॅबरेशनला नकार दिला तर जे व्हायचं ते होतच नाही, एवढंच. कोऑपरेशनला नकार दिला तर दुसऱ्याचं चालू असलेलं काम बंद पडतं. मला या दोन शब्दांमधला फरक सांगायला याहून नेमकी जागा सापडलेली नाही.

माझ्या नियमाला सर्वांत मोठा अपवाद आपल्या घरातच आहे: सहकार चळवळ. सहकारी साखर कारखाना, सहकारी बँक, गृहनिर्माण सोसायटी यांत मालकी सभासदांची, निर्णय सभासदांचे, तोटाही त्यांचाच. म्हणजे कसोटीनुसार कोलॅबरेशन, पण नाव ‘को-ऑपरेटिव्ह’. १८४४ च्या रॉचडेलच्या विणकरांपासून, आपल्याकडे १९०४ च्या पतसंस्था कायद्यापासून आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरानगरच्या कारखान्यापासून हा शब्द एका विशिष्ट कायदेशीर रचनेचा झाला आहे. त्याच्याशी वाद घालायचा नाही. पण एक सावधगिरी बाळगा. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी इंग्रजीत ‘को-ऑपरेटिव्ह प्रोग्रॅम’ किंवा ‘को-ऑपरेटिव्ह बॉडी’ लिहू नका. तो सहकार खात्याकडे नोंदलेली संस्था शोधू लागेल.

उलट दिशेचा अपवाद कारखानदारीत सापडतो. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या मंडळींच्या तोंडी ‘जर्मन कोलॅबरेशन’, ‘अमेरिकन कोलॅबरेशन’ हे शब्द अजून आहेत. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी ट्रकसाठी करार केला, १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. त्या काळच्या सरकारी कागदांत ‘फॉरेन कोलॅबरेशन’ म्हणजे परदेशी कंपनीचं तंत्रज्ञान, आराखडे, कधी भागभांडवलही, मोबदल्यात रॉयल्टी. आराखडा एकाचा आणि बनवणारा दुसरा असला तरी कोलॅबरेशनच. उद्योगांना सरकारी परवाने लागायचे त्या काळातली ती संज्ञा आहे, आणि जुन्या करारांचं भाषांतर करताना मी ती बदलत नाही.

बी.एड. करणाऱ्यांनाही हा फरक परीक्षेत विचारतात, म्हणून दोन ओळी. शिक्षणशास्त्रात ‘कोऑपरेटिव्ह लर्निंग’ म्हणजे काम वाटून घेणं, आपापला तुकडा करणं आणि शेवटी जोडणं. ‘कोलॅबरेटिव्ह’ म्हणजे तोच प्रश्न सगळ्यांनी एकत्र बसून सोडवणं. पिएर दिलनबूर्ग यांनी १९९९ मध्ये केलेली ही मांडणी बरीच उद्धृत होते. तिथे कसोटी मालकीची नसून वाटणीची आहे. उत्तरपत्रिकेत माझी कसोटी लिहू नका.

आणि इन्स्टाग्रामवरचं ‘कोलॅब’? २०२१ पासून एकच पोस्ट दोन खात्यांच्या नावाने टाकता येते. एक पोस्ट, दोन नावं, हे शब्दाला धरून आहे. पैसे घेऊन क्रीमची बाटली हातात धरणं म्हणजे जाहिरात. तिला कोलॅब म्हणायची पद्धत पडलीय, पण अहवालात ती आणू नका.

माणसांच्या वर्णनात हे शब्द आले की अजून एक छटा येते. तुमचा प्रश्न त्याबद्दल नव्हता, पण संस्थेत शिफारसपत्रं लिहावी लागतातच. ‘शी इज कोऑपरेटिव्ह’ म्हणजे सांगितलेलं ऐकते, नाही म्हणत नाही. ‘शी वर्क्स कोलॅबरेटिव्हली’ म्हणजे स्वतःची मतं मांडते, दुसऱ्यांची घेते. प्रकल्प समन्वयकाच्या जागेसाठी पहिलं वाक्य लिहिलंत तर तुम्ही तिचं नुकसान करताय.

व्याकरणाचं थोडकं. ‘कोलॅबरेट’ला कामाआधी ‘ऑन’ लागतो: कोलॅबरेटेड ऑन द सर्व्हे. ‘कोऑपरेट’ला ‘इन’: कोऑपरेटेड इन ऑर्गनायझिंग द कॅम्प्स. माणसाआधी दोघांनाही ‘विथ’. आणि टाइप करताना ‘कॉर्पोरेशन’ होत नाही ना हे बघा. ‘थँक यू फॉर युअर कॉर्पोरेशन’ ही चूक स्पेलचेकर पकडत नाही, कारण तोही शब्द खराच आहे.

मजकूर दुरुस्त झाला की मुखपृष्ठ तपासा, कारण तुम्ही पाठवलेल्या वर्णनानुसार त्यावर तुमचा, महाविद्यालयाचा आणि कंपनीचा असे तीन लोगो एका ओळीत, एकाच आकाराचे आहेत. आत कितीही नेमके शब्द लिहा, ती ओळ पाहणाऱ्याला तिघंही बरोबरीचे कर्ते वाटतात. तुमचा आणि महाविद्यालयाचा वर शेजारी-शेजारी ठेवा, कंपनीचा खाली ‘सपोर्टेड बाय’ या शब्दांखाली. ग्रामपंचायतींची नावं आभाराच्या पानावर, गावनिहाय, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या पदांसह. आणि छापण्याआधी अख्खा मसुदा पीएसएमच्या विभागप्रमुखांकडे पाठवून लेखी होकार घ्या. त्यांना आकड्यांची मांडणी पटली नाही आणि त्यांनी बदल सुचवले, तर ते करावे लागतील; अहवालाची तारीख ठरवताना त्यासाठी पंधरा दिवस धरून ठेवा.